परक्यांच्या घरी जाऊन रडणारी

मंगळवारी सकाळी आपण दोघांनी तुझ्या साडीची घडी घातली. ती निळी, बारीक काठाची, सुती. बाहेर वाळत नाही म्हणून भिंतीवरच्या गरम रेडिएटरवर टाकलेली, त्यामुळं मधला पट्टा कडक झालेला आणि टोकं दमट. तू बैठकीच्या खोलीत खिडकीशी उभी, आणि मी माझं टोक धरून मागं मागं सरकत पार पॅसेजमध्ये, जिन्याच्या पायरीला टाच लागेपर्यंत. या घरात आपण दोघं मावतो, साडी मावत नाही. तू तिकडून म्हणालीस, "सरळ धरा हो. एवढं वय झालं, अजून काठाला काठ लावता येत नाही." मी म्हणालो, "इंजिन उतरवायला सांग, लगेच उतरवून देतो. हे माझं काम नाही." तू मुद्दाम टोक झटकलंस, माझ्या हातातून साडी सुटली, आणि मग हसलीस.

त्यानंतर आपण दोघांनी मिळून काही केलं नाही. जेवलो, पण तू फोन कानाला लावून जेवलीस. दुपारी ओट्यापाशी खाली बसलीस. मला वाटलं काही सांडलं असेल, पुसायला बसली. हाक मारली तर ओ नाही. ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटलात नेलं, संध्याकाळी डॉक्टरीणबाई आली आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. इथं इंग्लंडात डॉक्टर खुर्ची ओढून बसला की काय ते समजायचं.

आपला प्रकाश पुण्याहून म्हणतो, बाबा, गावच्या देवळात आईच्या स्मरणाची सभा ठेवतोय, दोन शब्द लिहून पाठवा. त्याला वाटतं सगळ्यांना लिहिता येतं. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेला माणूस, पुढं सगळं गॅरेजमध्ये शिकलो. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, कोणकोणत्या गावात सेवा केलीस, ते पाळकसाहेब वाचून दाखवतील. मी तुझ्याशीच बोलतो, एस्तेर. तिकडं बसलेले ऐकतील. तुझी थोरली बहीण ऐकेल. अक्का पुढच्या चटईवर बसली असेल, पदर तोंडाला लावून, आणि माझ्यावर रागावून. तुला माती कुठं द्यायची यावरून या तीन दिवसांत जे झालं ते तिला नीट कळायला हवं. फोनवर मला ते सांगता आलं नाही.

आपल्याकडं माणूस गेलं की दुसऱ्या दिवसापर्यंत माती होते. रडायचं, धुवायचं, पेटीत ठेवायचं, न्यायचं. विचार करायला सवड नसते आणि ते बरं असतं. इथं दोन-दोन आठवडे ठेवतात. बुद्धविहारात जाणारी तुझी मैत्रीण सुनंदा बुधवारी सकाळीच आली, सगळे फोन तिनंच केले. म्हणाली, "काका, ते फ्युनरलवाले ताईंना नीट ठेवतील, डोन्ट वरी. पण इंडियाला न्यायचं की इथं बरियल करायचं, ते डिसाइड करावं लागेल. पेपरवर्कला टाइम लागतो." मी म्हणालो, यात ठरवायचं काय आहे? गावी न्यायचं.

प्रकाशचंही तेच म्हणणं होतं. अक्काचं तर होतंच. ती फोनवर म्हणाली, "तिथं कोण हाय तिला रडायला? गोरी माणसं? काळं कोट घालून उभी राहत्याल अन् घड्याळ बघत्याल. माझ्या बहिणीला तसली माती नको." मला ते पटलं. मी या लोकांच्या मातीला बऱ्याच वेळा गेलोय, तुझ्यामुळंच. सगळे पाय जुळवून उभे. कोणी रडायला लागलं की बाकीचे छताकडं बघतात. नंतर सँडविच. अशा ठिकाणी तुला ठेवून मी विमानात बसायचं, हे मला सहन होणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही घरी जायचं होतं. आल्या दिवसापासून जायचं होतं. म्हटलं, चला, आता तरी दोघं जाऊ.

सुनंदा फोनवर बोलत बसली. मी तिला चहा करून दिला, आणि उभ्या उभ्या मला डेरेकच्या घरची ती दुपार आठवली. आठवली ती जाईचना. ती सांगायची तर थोडं मागं जावं लागेल, नाहीतर तिकडच्यांना काही कळायचं नाही.

तू इथं मिशनरी म्हणून आलीस. मी मिशनरीचा नवरा म्हणून. निघताना गावात लोक हसले होते. म्हणाले, गोऱ्यांनी आपल्या आज्या-पणज्यांना येशू सांगितला, आता एस्तेरबाई त्यांच्या नातवंडांना सांगायला चालली. तू म्हणालीस, विसरले असतील बिचारे, कोणीतरी आठवण द्यायला नको का? तुला पाठवलं होतं ते या कॉव्हेंट्री शहरातल्या आपल्या देशी लोकांत काम करायला. आलो तर देशी लोक मजेत होते. त्यांची गुरुद्वारे, मंदिरं, लग्नं, भांडणं, सगळं जागच्या जागी. एकटी होती ती गोरी म्हातारी माणसं. एवढं मोठं दगडी देऊळ, म्हणजे इथलं चर्च, आणि बाकांवर मोजकी पांढरी डोकी, तीही एकमेकांपासून लांब लांब बसलेली, जशी एकमेकांची ओळखच नाही. तू पहिल्या रविवारी बाहेर येऊन मला म्हणालीस, "अहो, यांना कोणी हात लावत नाही वाटतं." दुसऱ्या रविवारपासून तू प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरून सलाम करायला लागलीस. पहिल्यांदा दचकले. पुढं रांग लावायला लागले.

घर आठवतं असं तू कधी बोलायची नाहीस. मी बोलायचो, दिवसातून दहा वेळा. थंडीवरून, चहावरून, दुपारी पडणाऱ्या अंधारावरून. तू नाही. पण रविवारी अक्काला फोन लावलास की पहिला प्रश्न, आज जेवायला काय केलंय? आणि तिकडं जे केलं असेल ते तू इकडं करायचीस. तिकडं पिठलं तर इकडं पिठलं. तिकडं शेंगोळे, तर तू हुलग्याचं पीठ शोधायला बसनं दोन गावं पालथी घालायचीस. बुधवारी देवळाच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचं जेवण असायचं, तिथंही तू तेच वाढायचीस. डेरेक शेंगोळ्यांना तपकिरी साप म्हणायचा आणि दोनदा घ्यायचा.

डेरेक हा इथल्या गाड्यांच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस. त्याची बायको जोन अंथरुणाला खिळलेली होती. तू तिला बघायला जायचीस, आणि मी तोवर डेरेकच्या गॅरेजमध्ये. त्याची जुनी गाडी आम्ही दोघं उघडून बसायचो. त्याचं इंग्रजी मला कळायचं नाही, माझं त्याला कळायचं नाही, पण कार्बुरेटर दोघांना कळायचा.

तुझी आई गेली तेव्हा आपले पासपोर्ट व्हिसा वाढवायला पाठवलेले होते. परत मागवता आले असते, पण मग अर्ज रद्द झाला असता, आणि इथलं काम संपलं असतं. मी म्हणालो, मागव. तुझी आई आहे. काम गेलं तर जाऊ दे. तू नाही म्हणालीस. अक्कानं फोन मयताजवळ धरला. बायकांचं रडणं ऐकू येत होतं, त्यात अक्काचा आवाज वेगळा कळत होता. तू ओट्यापाशी उभी राहून फोनमध्ये प्रार्थना केलीस, नीट, ठाम आवाजात. आमेन म्हणालीस. मग हात धुतलेस आणि हॉलवर गेलीस, कारण बुधवार होता. त्या दिवशी मी तुला दगड म्हणालो. ते मी आजही मागं घेत नाही, तू तशीच दिसत होतीस.

त्यानंतर फार दिवस झाले नव्हते, तोच जोन गेली. डेरेकचा फोन आला आणि तू पदर डोक्यावर घेऊन निघालीसच. आपल्याकडं कोणी गेलं की लगेच भेटायला जातात, तसं. फोन करून विचारायचं असतं, उद्या येऊ का, अकराला चालेल का, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ऐकलं नसतंस. दार उघडं होतं. आत डेरेक, त्याची मुलगी, शेजारचे दोघं, सगळे हातात कप घेऊन उभे. हवेबद्दल बोलत होते. तू चपला काढल्यास, थेट खोलीच्या मध्यात गेलीस, कारपेटवर मांडी घातलीस, आणि गळा काढलास.

मी दारात उभा होतो, बूट हातात घेऊन. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "अगं जोनबाई, अशी कशी गेलीस गं," पार गावाकडच्यासारखं, छातीवर हात आपटून. त्या घराच्या भिंतींनी तसला आवाज कधी ऐकला नसेल. शेजारीण कप खाली ठेवायला जागा शोधत होती. मुलीनं मला हळूच विचारलं, या बाईंना काही होतंय का, ॲम्ब्युलन्स बोलवू का? मी म्हणालो, नो, नो, शी इज ओके. एवढंच इंग्रजी आलं.

आणि मग मला ऐकू आलं. जोनचं नाव तू दोनदाच घेतलंस. नंतर तू "माये" म्हणायला लागलीस. माये गं, मी आले नाही गं. माये, तुझं तोंड बघितलं नाही. माये, मला बोल लावू नको. त्या घरात एवढी माणसं होती, त्यांच्यापैकी कोणालाही कळत नव्हतं. मला एकट्याला कळत होतं. ज्या बाईला मी दगड म्हणालो होतो तिनं आपलं रडणं इतके दिवस पोटात धरून ठेवलं होतं, आणि ते सोडायला तिला जागा सापडली ती कुठं, तर एका गोऱ्या बाईच्या मयतात. बूट हातात तसेच राहिले.

हे मी ऐकलं होतं, ते तुला कधी बोललो नाही. तूही विचारलं नाहीस. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, पण तो विषय ताटाबाहेरच राहिला.

दुसऱ्या दिवशी देवळातल्या पॅमबाई आल्या. देवळाच्या किल्ल्या, हिशेब, फुलं, सगळं त्यांच्याकडं. भल्या बाई. तुझा हात धरून म्हणाल्या, एस्तेर, तुमचं मन मोठं आहे, पण इकडं लोकांना शांतता लागते, तुम्ही त्यांना घाबरवलंत. तू सॉरी म्हणालीस. त्या गेल्यावर मला म्हणालीस, "त्या घरात कोणी मेलंय की नाही तेच कळत नव्हतं हो." त्यानंतर कोणी गेलं तरी तू कार्ड पाठवायला लागलीस, त्यांच्यासारखं.

पुढं एका रविवारी उपासना संपल्यावर डेरेक बाहेर थांबला होता. टोपी हातात फिरवत. तुला म्हणाला, त्या दिवशी तू केलंस तसं पुन्हा करायला येशील का? जोन गेल्यापासून घरात सगळे इतकं हळू बोलतात की मला वाटतं माझ्याच डोक्यात काही बिघाड झालाय. फक्त त्या दुपारी घरात काहीतरी घडल्यासारखा आवाज आला होता.

तू गेलीस. मीही आलो. यावेळी डेरेकही रडला. खुर्चीत बसून, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा. मग त्याच्यामुळं आणखी कोणाला कळलं, त्यांच्यामुळं आणखी कोणाला. तुझी चपलांची पिशवी दाराशी तयार असायची. सगळ्यांना ते मानवलं असं नाही. एका म्हाताऱ्यानं तुला दारातूनच घालवलं होतं, थँक्यू म्हणून. एक बाई तुझं रडणं होईपर्यंत विणत बसली होती. पण बाकीचे बोलवायचे. प्रत्येक घरी पहिलं नाव त्या मेलेल्याचं, आणि मग "माये". मी दारात उभं राहून ऐकायचो आणि विचार करायचो, ही यांची सेवा करतेय का ही माणसं हिची? मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरवणारा मी कोण? एवढं खरं, की घर सोडून आल्याचं जे दुःख मी थंडीला आणि चहाला शिव्या देऊन वाया घालवत होतो, ते तू उचलून लोकांच्या घरी नेत होतीस, आणि त्यांना ते पुरत होतं.

अक्का, आता तू ऐक. व्हिसा वाढवून पासपोर्ट हातात आल्यावर आम्ही गावी आलो होतो, तेव्हा एस्तेर आईच्या मातीजवळ बसली आणि रडली नाही. तण उपटत बसली. गावातल्या बाया म्हणाल्या, विलायतेला जाऊन हिचं काळीज वाळलं. तूही दोन दिवस तिच्याशी बोलली नाहीस. ती रडून आली होती, अक्का. तुमच्या आईला तिनं इथं दहा घरांत रडून घेतलं होतं. तुझ्यासमोर रडायला तिच्याकडं काही उरलं नव्हतं.

एक भांडण आपलं राहिलंय, एस्तेर, ते सांगतो. कायम राहायच्या कागदांसाठी आपण क्रॉयडनच्या सरकारी ऑफिसात गेलो होतो. मागच्या वेळचा अनुभव होता म्हणून तू म्हणालीस, यावेळी पोस्टानं नाही, स्वतः जायचं. तिथं मशीनवर माझ्या बोटांचे ठसे उमटेनात. जन्मभर गॅरेजात पाने-पकडी धरून धरून रेषा घासून गेलेल्या. तो ऑफिसर बिचारा माझी बोटं पुन्हा पुन्हा पुसत होता. तू त्याला म्हणालीस, हा माझा नवरा आहे, मशीनला माहीत नसलं तरी मला माहीत आहे. तो हसला. शेवटी कसेबसे उमटले. येताना ट्रॅममध्ये मी तुला म्हणालो, कागद झाले. आता कोणी आपल्याला हाकलत नाही आणि कोणी अडवतही नाही. सांग, घरी कधी जायचं?

तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "आठवण येते तोवर माझा इथं उपयोग आहे. यायची थांबली की जाऊ."

मी म्हणालो, "आणि आठवणच थांबल्यावर घरी जाऊन काय करायचं?"

तू माझ्याकडं वळलीस. काहीतरी बोलणार होतीस. तेवढ्यात स्टेशन आलं, लोक उठले, तुझी पिशवी दोघांच्या मध्ये अडकली, आणि ते राहिलं. घरी आल्यावर मी पुन्हा विचारलं नाही, कारण मला वाटलं होतं मी जिंकलो. आता वाटतं, तू काय बोलणार होतीस ते ऐकायला हवं होतं. स्टेशन चुकलं असतं तरी चाललं असतं.

काल गुरुवारी दुपारी बेल वाजली. मला वाटलं सुनंदा असेल, विमानाच्या कागदांचं काहीतरी घेऊन. दार उघडलं तर डेरेक. मागं पॅमबाई, त्यांच्याच गाडीतून त्याला आणलेलं. न कळवता. इथं राहून मला एवढं कळलंय की ही माणसं न कळवता सख्ख्या भावाकडंही जात नाहीत. डेरेक आता वॉकर धरून चालतो. उंबऱ्याशी उभा राहून बूट काढायला लागला. नाड्या सुटेनात. पॅमबाई वाकून सोडायला गेल्या तर त्यांचा हात बाजूला केला.

मी खुर्ची पुढं केली. त्यानं मान हलवली आणि बोटानं कारपेट दाखवलं. मी म्हणालो, डेरेक, नो. तुझे गुडघे. त्यानं ऐकलं नाही. मग मी त्याच्या काखेत हात घातले, आणि साखळीवरून इंजिन खाली सोडतात तसं हळूहळू त्याला खाली बसवलं. पाय लांबच राहिले, मांडी काही जमली नाही. सोफ्याला पाठ टेकून बसला. थोडा वेळ नुसता श्वास घेत होता. मग खोकल्यासारखा एक आवाज आला, आणि त्याच्यामागून रडणं.

"माये," तो म्हणाला. "माये गं."

इतक्या वर्षांत त्यानं तुझ्या तोंडून ते जितक्या वेळा ऐकलं होतं, त्यावरून त्याची समजूत अशीच झाली असणार, की माणूस गेलं की हेच म्हणायचं असतं. प्रार्थनेसारखं. तुझ्या आईला तुझ्या गावच्या बायका ज्या शब्दानं रडल्या, त्याच शब्दानं नव्वदीकडं झुकलेला एक इंग्रज म्हातारा आपल्या कारपेटवर बसून तुला रडत होता, आणि त्याला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. मी सांगितला नाही. त्याला अर्थ कळलाच नाही असं तरी कसं म्हणू?

मीही खाली बसलो. हॉस्पिटलात मला रडू आलं नव्हतं, प्रकाशशी बोलताना आलं नव्हतं. तेव्हा आलं. दोन म्हातारे मेकॅनिक शेजारी शेजारी बसून बोंबलत होते. पॅमबाईंना ते जमलं नाही. त्या किचनमध्ये गेल्या आणि उगाच कपाटं उघडून बंद करायला लागल्या. बराच वेळ तो खडखडाट चालला होता. त्यांचं रडणं तसंच असेल. बाहेर येऊन त्यांनी चहा दिला तेव्हा डोळे लाल होते, आणि त्या मला म्हणाल्या, मी तिला एकदा नको म्हटलं होतं, तुम्हाला आठवतं का? मी म्हणालो, तिला आठवत नव्हतं. ते खोटं होतं, तुला चांगलं आठवत होतं. पण बाई भली आहे.

रडून झाल्यावर आम्हां दोघांनाही उठता येईना. मी त्याला धरायला जावं तर माझाच गुडघा धरलेला. शेवटी सुनंदा आली आणि तिनं एकेकाला ओढून उभं केलं. म्हणाली, "काका, तुम्ही लोक इम्पॉसिबल आहात." डेरेकला ते कळलं आणि तो हसायला लागला. त्याचं नाक गळत होतं. मग सुनंदानं तिचे कागद पिशवीतून काढले आणि म्हणाली, इथं सही हवी, मग ते ताईंना पाठवायची तयारी करतील. मी कागद घेतले नाहीत. म्हणालो, थांब, अक्काला फोन करतो.

अक्काला मी सांगितलं, इथं तिला रडणारी माणसं आहेत. ती म्हणाली, "कशी रडत्यात?" मी म्हणालो, आपल्यासारखीच रडतात, फक्त सूर नाही. मग मी म्हणालो, तिला इथंच ठेवावं असं माझ्या मनात आलंय. तिनं इथं जे केलं ते अर्ध्यावर उचलून नेल्यासारखं होईल. ही माणसं तिच्याकडं येतील, त्यांना दुसरं कोणी नाही.

अक्का म्हणाली, "अन् मी कुठं बसून रडू, दाजी?"

तिचं खरं आहे. डेरेकचं खरं म्हणून अक्काचं खोटं होत नाही. आईच्या वेळी तिनं फोन हातात धरून तुला रडणं ऐकवलं, आणि आता तिच्याच हातात पुन्हा फोन. मी म्हणालो, तू ये. तिकीट प्रकाश काढेल, तूही ये. ती म्हणाली, "माझ्यानं इमानात बसवल का?" आणि फोन ठेवला. प्रकाशनं नंतर फोन करून विचारलं, बाबा, आणि तुम्ही? तुम्ही तर परत येणार होता. मी म्हणालो, उद्या सांगतो.

आज सकाळी मी दाढी केली, कोट घातला आणि बसनं कौन्सिलच्या दफनभूमीच्या ऑफिसात गेलो. सुनंदा येते म्हणाली होती, मी नको म्हटलं. टेबलामागं एक तरुण बाई होती. तिनं नकाशा पुढं ठेवला आणि कुठं कुठं जागा आहे ते पेन्सिलीनं दाखवलं. मी रस्त्याजवळची मागितली, वॉकर घेऊन येणाऱ्यांना चालायला सोपं जावं म्हणून. मग तिनं विचारलं, कबर एकाची की दोघांची? मला समजलं नाही. तिनं एका तळहातावर दुसरा ठेवून दाखवला. आधी खोल खणायचं, एकाला ठेवायचं, आणि पुढं कधी वेळ आली की वर दुसऱ्याला. मी म्हणालो, दोघांची. तिनं विचारलं, दुसरं कोण? मी म्हणालो, मी. ती म्हणाली, मुलाबाळांशी बोलून ठरवलं तरी चालेल, आज सांगायलाच हवं असं नाही. मी म्हणालो, जन्मभर ती पुढं आणि मी मागं असं चाललंय, आता ती खाली आणि मी वर, यात कोणाला काय विचारायचं?

तिनं लिहून घेतलं. मग विचारलं, भारतातून नातेवाईक येणार आहेत का, त्याप्रमाणे दिवस धरता येईल. मी म्हणालो, मुलगा येईल, आणि हिची थोरली बहीण. ती येईलच असं नाही, पण तिच्यासाठी थांबा. आणखी काही विचारायचं आहे का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, एकच. आमच्याकडच्या बायका उभ्या राहून रडत नाहीत. तिथं जवळ जमिनीवर बसलेलं चालतं का?

तिनं पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, चालतं, पण गवत ओलं असतं.

मी म्हणालो, ओलं चालेल. आणि सही केली.